सर्व्हरवरची जागा: ६० दिवस न आलेल्याचं घर पाडायचं का?

नदीकाठ_अ‍ॅडमिन (शनिवार, रात्री ९:४०)

मंडळी, एक निर्णय घ्यायचाय आणि तो मला एकट्याला घ्यायचा नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड इथली चाळीसेक माणसं मिळून आम्ही तीन वर्षं माइनक्राफ्टचा, म्हणजे ठोकळे (ब्लॉक) रचून घरं बांधायच्या गेमचा, एक सर्व्हर चालवतोय. भाडं वर्गणीतून. कुणी कुणाचं घर फोडू नये म्हणून जागा नावावर करायची सोय आहे. सोन्याचं फावडं हातात घ्यायचं, एका कोपऱ्यावर क्लिक, तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर क्लिक, जागा तुमची. मग तिथली वीटसुद्धा दुसऱ्याला हलवता येत नाही. तासभर खेळलं की १०० ब्लॉकांएवढ्या जागेचा हक्क मिळतो. आणि मालक सलग ६० दिवस आला नाही की जागा आपोआप मोकळी होते. हा शेवटचा नियम मीच घातलाय, सोडून गेलेल्यांची अर्धवट घरं साचू नयेत म्हणून.

आता अडचण. आपला 'राजहंस' शेवटचा आला त्याला आज ५२ दिवस झाले. तो मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालाय. ट्रेनिंग इथंच बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, घरापासून सायकलनं जाता येईल एवढ्यावर, पण मोबाइल हाताशी नाही, मग गेम कुठला. आठ दिवसांनी त्याची जागा मोकळी होणार. ती नदीला लागून, स्पॉनपासून, म्हणजे गेममध्ये सगळे जिथं उतरतात तिथून, अगदी जवळ आहे. ४८ बाय ४० ब्लॉक. वडगावची नववीतली चार पोरं गेल्या महिन्यात आलीत, त्यांना लांब डोंगरापलीकडं जागा मिळाली. ती रोज विचारतात, "दादा, ती नदीकाठची कधी मोकळी होणार?"

नियम सगळ्यांना सारखा ठेवायचा, की या एकासाठी थांबायचं? मनापासून सांगा.

टिळकवाडी_दुसरं_गेट (रात्री ९:५८)

नियम म्हणजे नियम. आज राजहंससाठी थांबलास तर उद्या कुणी परीक्षेसाठी, कुणी बाळंतपणासाठी, कुणी पुण्याला नोकरी लागली म्हणून थांब म्हणणार. नदीकाठ सगळा कुलपात आणि खेळणारी पोरं डोंगरात. राजहंस माझा पण दोस्त आहे. पण जागा खेळणाऱ्याची.

बासमती_येळ्ळूर (रात्री १०:०५)

त्याचं घर आत जाऊन बघितलंय काय तुम्ही कुणी?

टिळकवाडी_दुसरं_गेट (रात्री १०:०७)

बाहेरून बघितलंय. कौलारू आहे. का?

बासमती_येळ्ळूर (रात्री १०:३१)

मग ऐक. ते त्याच्या आज्याचं घर आहे. येळ्ळुरात आमच्या गल्लीत होतं. वाटण्या झाल्या, पाडलं, आता तिथं स्लॅबची दोन घरं उभी आहेत. फोटो म्हणशील तर लग्नातले दोन, त्यात पण सगळी माणसंच, घर मागं थोडंसं. त्यानं ते आठवून आठवून बांधलंय. आज्जीला जवळ बसवून विचारायचा, माजघराला पायऱ्या किती होत्या, घंगाळ कुठल्या कोपऱ्यात असायचं. आत गेलास तर सोप्याचे चार खांब दिसतील. त्यातल्या दोन खांबांत तीन ब्लॉकांचं अंतर आहे आणि दोन खांबांत चारचं. मी म्हटलं, अरे चुकलास की. तर म्हणाला, खऱ्या घरातच चुकलेलं होतं, सुतारानं मधला खांब सरकवला होता.

माइनक्राफ्टमध्ये तुळस नाही, म्हणून वृंदावनावर कुंडीत नेचा लावलाय. भात पण नाही गेममध्ये, म्हणून मागं गहू पेरून प्रत्येक वाफ्याच्या कडेनं पाणी खेळवलंय, आमच्या शिवारात आषाढात दिसतं तसं. परड्यात एक जंगल ट्री लावलंय, तो आंबा.

हे पाडायचं म्हणता?

खानापूरची_पोरगी (रात्री १०:४४)

बासमती दादा, वाचून कसंतरी झालं.

मी फायनल फँटसी फोर्टीन खेळते, तिथं हा प्रश्न दहा वर्षांपेक्षा जास्त काळ गाजतोय म्हणून लिहिते. तिथं घरं २०१३ च्या डिसेंबरात आली. प्रत्येक वॉर्डात ६० प्लॉट, आणि वॉर्ड मोजकेच. एका सर्व्हरवर हजारो माणसं. म्हणून घरात ४५ दिवस पाऊल टाकलं नाही तर घर पाडतात. आत नुसतं येऊन गेलं तरी चालतं, दिवस परत शून्यापासून मोजायला लागतात. लोक गेम सोडतात पण घर सुटू नये म्हणून महिन्याचे पैसे भरत राहतात, अशी कितीतरी माणसं मला माहीत आहेत.

जागा रिकामी झाली की ती घ्यायची कशी, हा वेगळाच खेळ होता. प्लॉट विक्रीला कधी खुला होणार ते कुणालाच कळायचं नाही. मग लोक पाटीसमोर उभं राहून तासन्‌तास क्लिक करत बसायचे. शेवटी २०२२ च्या एप्रिलात लॉटरी आली. आता चिठ्ठी टाकायची, निकालाची वाट बघायची.

पण एक गोष्ट मला त्यांची पटली. कोविडच्या काळात २०२० मध्ये त्यांनी घरं पाडणं थांबवलं होतं. मोठी आपत्ती आली की थांबवतात. म्हणजे ४५ दिवसांचा नियम असून पण, माणूस का आला नाही हे बघायची पद्धत आहे.

मी स्वतः अपार्टमेंटमध्ये राहते. एकच खोली. ती पाडत नाहीत. खिडकीपाशी टेबल मांडलंय, माझ्या जिवाला तेवढं पुरे.

चंदगडकर (रात्री १०:५२)

४८ बाय ४० म्हणजे किती गुंठे होतात रे?

कोर्ट_आवार (रात्री ११:१०)

एक ब्लॉक एक मीटर धरतात, म्हणजे १९२० चौरस मीटर. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे १९ गुंठे झाले, अर्ध्या एकराला एक कमी. तासाला १०० ब्लॉक मिळत असतील तर एक तास खेळलं की एक गुंठा.

चंदगडकर (रात्री ११:१२)

काका, एवढ्या भावात नदीकाठची जमीन! सगळं चंदगड येतंय बघा उद्या.

अनगोळची_आई (रविवार, सकाळी ७:२०)

मी खेळत नाही, पण माझा मुलगा या सर्व्हरवर आहे म्हणून वाचते. एक विचारू का? ही जागा नेमकी कुणाची असते? मागच्या वर्षी त्यानं मोबाइलवरच्या दुसऱ्या एका गेममध्ये वाढदिवसाच्या पैशांतून जमीन घेतली होती. ६०० रुपये. सहा महिन्यांत तो गेमच बंद पडला. पोरगं दोन दिवस जेवलं नाही नीट. रडला त्यापेक्षा मला त्याचा प्रश्न जास्त लागला. म्हणाला, "आई, माझ्या नावावर होती ना?" मला उत्तर देता आलं नाही.

कोर्ट_आवार (सकाळी ८:०५)

ताई, तुमच्या मुलानं बरोबर नेमका प्रश्न विचारलाय.

आपल्याकडं कॅम्पातले जुने बंगले आहेत ना, त्यातल्या बऱ्याच जागा 'ओल्ड ग्रँट'च्या असतात. जमीन सरकारची, वर बांधलेला बंगला राहणाऱ्याचा. पिढ्यान्‌पिढ्या राहा, रंग द्या, बाग करा, पण खालची माती तुमची नाही. गेममधली जागा जवळजवळ तशीच. सर्व्हर कंपनीचा, आपल्याला वापरायची परवानगी. आपण 'मान्य आहे' म्हणून बटण दाबतो त्या करारात तसंच लिहिलेलं असतं.

यावर अमेरिकेत खटला पण झालाय. सेकंड लाइफ नावाचं आभासी जग २००३ पासून आहे. तिथली जमीन खऱ्या डॉलरमध्ये विकतात, आणि कंपनी 'जमिनीचे मालक व्हा' अशी जाहिरात करायची. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका वकिलानं वेबसाइटच्या पत्त्यातली फट वापरून लिलावात स्वस्तात जमीन घेतली. कंपनीनं त्याचं खातंच बंद केलं, सगळी जमीन गेली. तो कोर्टात गेला. कंपनी म्हणाली, करारात लवाद लिहिलाय, कोर्टाचा संबंध नाही. २००७ मध्ये न्यायाधीशांनी ते लवादाचं कलम एकतर्फी आहे म्हणून लागू करायला नकार दिला. पुढं दोघांनी आपसांत मिटवलं, त्यामुळं आभासी जमिनीचा मालक कोण या मूळ प्रश्नावर निकाल आलाच नाही.

तिथला एक पूर्ण प्रदेश २५६ मीटर बाय २५६ मीटर असतो. आपल्या हिशेबानं १६ एकर ८ गुंठ्यांच्या आसपास.

निपाणी_बाजार (सकाळी ९:३०)

काकांनी कायदा सांगितला, मी पट्टीचं सांगतो. जागा ठेवायची तर पट्टी भरा, हा साधा हिशेब. ईव्ह ऑनलाइन नावाचा अंतराळातला गेम आहे. तिथं खेळाडूंच्या टोळ्या सूर्यमालाच ताब्यात घेतात आणि तेव्हा ताबा टिकवायला ठरावीक मुदतीनं बिल भरावं लागायचं. २०१४ च्या जानेवारीत एका मोठ्या टोळीचं 'बी-आर-फाइव्ह-आर-बी' नावाच्या सूर्यमालेचं बिल भरायचं राहून गेलं. ताबा सुटला. शत्रू टपलेलाच होता, तो घुसला. जवळजवळ एकवीस तास लढाई. साडेसात हजारांवर खेळाडू, ७५ टायटन जहाजं खलास. एक टायटन बांधायला महिने जातात. खऱ्या पैशांत नुकसान ३ लाख डॉलरच्या आसपास धरलं गेलं.

एक बिल राहिलं त्याचं हे झालं. आमच्या घरात वडील पट्टीची पावती देवाच्या फोटोमागं ठेवायचे, ते का ते मला हे वाचून कळलं.

राजहंसचं पण तसंच करा. महिन्याला गेममधले चार हिरे पट्टी ठेवा. त्याच्या वतीनं मी भरतो. सहा महिन्यांचे आत्ताच देतो.

टिळकवाडी_दुसरं_गेट (सकाळी ९:४१)

अण्णा, तुमच्याकडं हिरे आहेत म्हणून तुम्ही भराल. वडगावच्या पोरांकडं लोखंडाची कुदळ आहे फक्त. पट्टी ठेवली की श्रीमंताला चार जागा आणि गरिबाला एक पण नाही. आर्केएज नावाच्या गेममध्ये तेच झालं. २०१४ च्या सप्टेंबरात तो युरोप-अमेरिकेत सुरू झाला, उघड्या जगातली जमीन, आधी येईल त्याची, आठवड्याला कर. बघता बघता चांगली जमीन सगळी संपली. उशिरा आलेला माणूस काकडीचं रोप घेऊन हिंडायचा, लावायला वितभर जागा नाही. आणि २०२४ मध्ये तिथले सर्व्हर बंद झाले तेव्हा कर भरलेल्यांची पण जमीन गेली.

मला राजहंसचं घर पाडायची हौस नाही. बासमतीनं लिहिलेलं वाचून मी रात्री जाऊन सोप्यात बसून आलो. खांब मोजले. पण त्या चार पोरांच्या बाजूनं पण कुणीतरी बोलायला पाहिजे की नको?

बासमती_येळ्ळूर (सकाळी ९:४९)

पाहिजे. बोल तू. बरोबर आहे तुझं.

विणकर_शहापूर (सकाळी ११:१५)

पडणारी घरं मी स्वतः बघितलीत, म्हणून लिहितो. २००१-०२ ला पुण्यात नोकरीला होतो, तिथं ऑफिसातल्या एका मित्रामुळं अल्टिमा ऑनलाइन लागला. १९९७ चा गेम. घरं खरोखर त्या जगात उभी असायची, रस्त्याच्या कडेला, जंगलात, आणि कुणाला पण दारावरून जाता यायचं. मालक आला नाही की घर जीर्ण होत जायचं. पाटीवर क्लिक केलं की अवस्था दिसायची. थोडं झिजलेलं, बरंच झिजलेलं, आणि शेवटची पायरी, कोसळण्याच्या बेतात.

ती शेवटची पायरी दिसली की बातमी पसरायची. माणसं येऊन घराभोवती उभी राहायची. बोलायचं कुणी नाही. नेमकं कधी पडणार ते माहीत नसायचं. मग एका क्षणी भिंती नाहीशा व्हायच्या आणि आतलं सगळं उघड्यावर पडायचं. कपडे, पुस्तकं, पेट्या, कुणीतरी जपून ठेवलेली फुलं. आणि सगळे तुटून पडायचे.

मी पण एकदा त्या गर्दीत होतो. माझ्या हाताला एक वही लागली. गेममध्ये वह्या लिहिता यायच्या. त्यात त्या घरच्या बाईनं पाहुण्यांची नावं लिहून ठेवली होती, कोण कधी आलं, काय खाल्लं. ती वही मी पुढं दोन वर्षं माझ्या घरात ठेवली, आणि ती बाई परत आली तर द्यायची म्हणून बँकेजवळ तिचं नाव विचारत हिंडायचो. भेटली नाही.

जागा परत घ्यावी लागते, मला मान्य आहे. पण घरातलं सामान त्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे. आपल्या सर्व्हरवर ६० दिवस झाले की पेट्यांचं काय होतं, अ‍ॅडमिन?

नदीकाठ_अ‍ॅडमिन (सकाळी ११:४०)

विणकर मामा, खरं सांगतो, मी याचा विचारच केला नव्हता. कुंपण जातं एवढंच. मग पेटी कुणी पण उघडू शकतो. आजवर सात-आठ घरं अशी मोकळी झालीत. त्यातलं सामान लोकांनी नेलं असणार. वाईट वाटूलालंय आता.

हल्याळ_कडेला (दुपारी १२:०५)

कुंपणावरून आठवलं. माझ्या शेजारच्यानं त्याचं कुंपण दर आठवड्याला एक ब्लॉक माझ्याकडं सरकवलंय. मी जागा थोडी आत धरून नावावर केली होती, कडेची पट्टी मोकळी ठेवून. तीच खातोय.

चंदगडकर (दुपारी १२:०८)

बांध कोरतोय म्हण की सरळ! नांगराच्या दर फेरीला एक वीत.

हल्याळ_कडेला (दुपारी १२:०९)

तेच. खऱ्या शेतात काकांशी तेच भांडण, इथं आलो तर इथं पण.

नदीकाठ_अ‍ॅडमिन (दुपारी १२:१५)

हातात काठी घेऊन जमिनीवर उजवं क्लिक कर, हद्द उजळून दिसते. कोपऱ्यांवर चमकणारे ब्लॉक. दोघं मिळून मोजणी करून घ्या, पट्टी निम्मी निम्मी करा. संध्याकाळी मी येतो हवं तर.

चंदगडकर (दुपारी १२:२०)

ही सोय खरी सगळ्यात भारी. काठी टेकली की मालकाचं नाव येतं, कुणाला पण वाचता येतं. आमच्या मावशीची खानापुरात तीन एकर आहे. जुना दस्त मोडीत, मधला मराठीत, आत्ताचा उतारा कन्नडात. माझा सातबारा मला येतो वाचायला, तिचा उतारा मात्र शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायला लागतो. एकाच घराण्याची जमीन, आणि कागद तीन लिप्यांत.

बासमती_येळ्ळूर (दुपारी १२:३४)

आमच्याकडं आज्याला मोडी यायची. तो गेला आणि ट्रंकेतले कागद मुके झाले. एक फोटो काढून कुणाला तरी दाखवायचे आहेत, राहूनच जातंय.

विणकर_शहापूर (दुपारी १२:४१)

माझ्याकडं पाठव. मोडी येते मला, शिकलोय. पैसे-बिसे काही नको. पण घाई कर, कागद दमट हवेत फार टिकत नाही, आणि पावसाळ्यात ट्रंक उघडू नको.

बासमती_येळ्ळूर (दुपारी १२:४३)

मामा, आज रात्रीच पाठवतो.

खानापूरची_पोरगी (दुपारी १:१०)

मूळ प्रश्नावर येऊया का? आठ दिवसांतला एक गेला.

एक वेगळी वाट पण आहे हे नोंदवते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमनं घरं अगदी उशिरा, २०२५ च्या शेवटी आणली. त्यांनी आधीच सांगितलं होतं की लॉटरी नाही, देखभालीचा खर्च नाही, आणि महिन्याचे पैसे भरायचे थांबले तरी घर काढून घेणार नाही. हवा तेवढा नवा मोहल्ला तयार करतात. त्यांना जमतं कारण त्यांची जमीन संपत नाही. आपला नकाशा पण वाढवता येतो की. मग टंचाई जमिनीची नाही, नदीची आणि स्पॉनजवळच्या जागेची आहे. पोरांना लांब का वाटतं ते विचारलंय काय कुणी?

वडगाव_नववी_ब (दुपारी १:५२)

नमस्कार. आम्ही चौघं एकाच अकाउंटवरून लिहितोय. आम्हाला राजहंस दादांचं घर नको. आम्हाला माहीतच नव्हतं ते आजोबांचं आहे. आम्हाला नदी पाहिजे होती कारण होडी करायची आहे. आणि डोंगरातून स्पॉनला यायला रात्र होते, वाटेत मरतो, सामान जातं. राजहंस दादांच्या कुंपणाला वळसा घालून यावं लागतं तो फार मोठा आहे.

टिळकवाडी_दुसरं_गेट (दुपारी १:५८)

शाब्बास रे पोरांनो. मी उगीच तुमच्या नावानं घर मागत होतो. तुम्हाला रस्ता पाहिजे.

कोर्ट_आवार (दुपारी ३:३०)

जेवून निवांत लिहितोय, कारण हे नीट सांगायचं होतं.

'जागा खेळणाऱ्याची' असं पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं तेव्हाच मला आठवलं होतं. कसेल त्याची जमीन. आपल्याकडं कर्नाटक जमीन सुधारणा कायदा १९६१ चा, पण खरी उलथापालथ १ मार्च १९७४ पासूनच्या दुरुस्तीनं झाली. कुळांनी ७ नंबरचा फॉर्म भरला, लँड ट्रिब्युनलपुढं सुनावण्या झाल्या, आणि कसणारा मालक झाला. बेळगाव-खानापूर भागातली कितीतरी घरं त्या फॉर्मवर उभी आहेत. माझं पण. माझे वडील कूळ होते. म्हणून टिळकवाडीच्या म्हणण्यामागचा न्याय मला मनापासून कळतो. न राबणाऱ्यानं जमीन अडवून ठेवू नये.

पण त्याच कायद्याचं ५ वं कलम वाचा. जमीन दुसऱ्याला कुळानं लावायला तिथं बंदी आहे. त्या बंदीतून दोघांना वगळलंय, सैनिक आणि दर्यावर्दी. नोकरीवर असताना त्यानं जमीन दुसऱ्याला कसायला दिली तर चालते. आणि १५ व्या कलमात तो परत आल्यावर ती जमीन कुळाकडून परत घेण्याचा हक्क दिलाय.

कायदा करणाऱ्यांना कळत होतं की जमीन सोडून गेलेला आणि कामगिरीवर गेलेला, हे दोघं वेगळे. एवढा कडक कायदा, तरी त्यात ही जागा ठेवली.

तेव्हा माझं मत असं. राजहंससाठी अपवाद करायचा तर तो दोस्ती म्हणून करू नका, नियम म्हणून लिहा. जो कळवून गेलाय, ज्याचं जाणं त्याच्या हातात नाही, त्यानं किंवा घरच्यांनी एक राखणदार नेमावा. राखणदारानं जागा राखायची, मोडतोड करायची नाही, मालक आला की परत. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोरांना, बाळंतिणीला, सगळ्यांना तोच नियम. आणि पोरांना वहिवाटीचा रस्ता. शेतातून वहिवाट देतो तशी, कडेनं, दोन ब्लॉक रुंद.

निपाणी_बाजार (दुपारी ३:४४)

मान्य. माझे हिरे रस्त्याला वापरा. दिवे पण लावा, पोरं रात्री मरायला नकोत.

टिळकवाडी_दुसरं_गेट (दुपारी ३:५०)

पूर्ण मान्य. रस्ता मी खोदतो. आजच.

अनगोळची_आई (दुपारी ४:१५)

काका, मुलाला वाचून दाखवलं. ओल्ड ग्रँट पण समजावलं. तो म्हणतो, "मग त्या गेमवाल्यांनी पण आधी सांगायला पाहिजे होतं, माती आमची आहे म्हणून." मला वाटतं बरोबर आहे त्याचं.

नदीकाठ_अ‍ॅडमिन (संध्याकाळी ७:२५)

कोर्ट काकांनी सांगितलं तसा नियम सर्व्हरच्या फलकावर लावलाय. दोन गोष्टी मी घातल्या. एक, ६० दिवसांनी जागा मोकळी होण्याआधी ४५ व्या दिवशी मी स्वतः त्या माणसाला किंवा ओळखीच्याला फोन करणार. दोन, मोकळ्या झालेल्या घरातल्या पेट्या आधी स्पॉनजवळच्या गोदामात जाणार, मालकाच्या नावाची पाटी लावून. विणकर मामा, ते गोदाम तुम्ही सांभाळाल काय?

राजहंसच्या जागेची मुदत हातानं थांबवलीय. त्याच्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोललो. तिच्याकडं कॉम्प्युटर नाही, पण आपल्या सर्व्हरला मोबाइलवरून पण येता येतं. तिला घराचा ट्रस्ट दिलाय, म्हणजे दारं, पेट्या, शेत सगळं तिला हाताळता येईल. टिळकवाडीनं कुदळ घेऊन तयार राहा, पण रस्ता कुठून काढायचा ते तिला विचारून.

विणकर_शहापूर (संध्याकाळी ७:३१)

सांभाळतो. पाट्या मी लिहीन.

येळ्ळूर_धाकटी (रात्री ९:०८)

नमस्कार, मी त्याची बहीण. पहिल्यांदाच आत आले, चालायलाच दहा मिनिटं लागली शिकायला. आज्जी शेजारी बसून मोबाइलवर बघूलालीय. गहू सगळा पिकून पिवळा झाला होता, तो काढला आणि परत पेरला, बरोबर केलं ना? आज्जी म्हणते, चूल उजवीकडं पाहिजे, ह्यानं डावीकडं केलीय. दादा रविवारी भेटला तर विचारते, तोवर हलवत नाही.

रस्ता परड्याच्या मागच्या अंगानं काढा, गोठ्याच्या बाजूनं नको. आणि कडेला जे उंच झाड आहे ना, त्याच्या पलीकडून घ्या. तो आंबा आहे, तोडू नका.

टिळकवाडी_दुसरं_गेट (रात्री ९:१२)

नाही तोडत, ताई. पलीकडून घेतो. वडगावची पोरं पण आलीत फावडी घेऊन.